कोरडी पोती

आमच्या लातूरच्या घरात त्या वर्षी प्रत्येक खोलीत एक तांब्या पालथा घातलेला असे. तांब्यावर स्टीलचा पेला, पेल्यावर वाटी आणि वाटीत चमचा. ही अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, भूकंपाची घंटा. जमीन हलली की उतरंड कोसळणार, आवाज होणार आणि आपण सगळे बाहेर पळणार, असा बेत होता. मांजर गेलं तरी ती घंटा वाजायची, माझा धाकटा भाऊ बसू धावत आला तरी वाजायची. एकदा तर अण्णांनीच धोतर झटकताना वाजवली आणि स्वतःच सगळ्यांच्या आधी गल्लीत जाऊन उभे राहिले. पण हसायची सोय नव्हती. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, अण्णा तर त्या दिवसांत पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. घंटा वाजली की गल्लीच्या तोंडाशी पिठाच्या गिरणीसमोर मोकळ्या जागेत उभं राहायचं, अण्णा नावं घेऊन डोकी मोजणार, आणि मग अर्धा तास कोणी घरात पाय ठेवायचा नाही, कारण पहिल्या धक्क्यापेक्षा दुसरा वाईट. हा नियम आम्हाला पाढ्यासारखा पाठ होता.

घरात सगळ्यात शांत होती ती नागुआत्या, अण्णांची थोरली बहीण. किल्लारीकडच्या एका खेड्यात तिचं घर होतं, दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंतींचं आणि वर माळवद असलेलं. लाकडी तुळयांवर फळ्या, त्यावर पाला आणि त्यावर वीतभर पांढरी माती, असं ते छत. उन्हाळ्यात खाली कसं गार असतं, हे ज्यानं अनुभवलंय त्यालाच कळेल. ते भूकंपाच्या पहाटे खाली बसलं. आत्याचा नवरा आणि कर्ता मुलगा तिथंच गेले. आत्याला दुसऱ्या दिवशी दुपारी काढलं. अण्णा तिला घेऊन आले तेव्हा तिच्या केसांच्या मुळाशी अजून ती पांढरी माती होती आणि आईनं तीन वेळा डोकं धुऊनही ती पुरती निघाली नव्हती.

आत्या आली, पण अंगणापर्यंतच. आमच्या घरालाही माळवदच होतं. तिनं उंबऱ्यातून एकदा वर पाहिलं, मागं वळली आणि अंगणातल्या कडुनिंबाखाली बसली ती तिथलीच झाली. अण्णांनी चार बांबूंवर ताडपत्री टाकून दिली. सकाळी ती अंगणातच आंघोळ करायची, कपाळाला भस्म लावायची, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मग दिवसभर काही ना काही निवडत बसायची, डाळ नाही तर अंबाडीची भाजी. जेवायला ताट बाहेर. थंडीतही ती बाहेरच होती. आईला याचा फार त्रास व्हायचा. "लोक काय म्हंतेत ठावं हाय का? नणंदेला अंगणात बांधून ठिवली म्हंतेत," असं म्हणत ती भाकरी एवढ्या जोरानं थापायची की परातीशेजारची उतरंड पडून आम्ही सगळे एकदा गल्लीत धावलो होतो.

शेवटी अण्णांनी ठरवलं की पावसाळ्याच्या आत माजघरावरचं माळवद काढायचं आणि लोखंडी अँगलवर पत्रा टाकायचा. पत्रा पडला तरी माणूस मरत नाही, असं त्यांचं म्हणणं. पत्रा झाला की अक्का आत येईल. ते आत्याला अक्का म्हणत. एवढ्यासाठी सगळा खटाटोप होता. आत्याला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बघू की." या 'बघू की'चा अर्थ अण्णांनी होकार धरला, आईनं नकार धरला, आणि मला वाटतं आत्याला तिसरंच काहीतरी म्हणायचं होतं.

मी दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होते. म्हणजे घरातलं सगळ्यात रिकामं माणूस मीच. माळवद उकरायला लागले तशी घरभर पांढरी धूळ झाली. ताटात धूळ, अंथरुणात धूळ, बसूच्या पापण्यांवर धूळ. मजुरांसाठी आई सकाळी सुशीला करायची, भिजवलेल्या चुरमुऱ्यांना मिरची, शेंगदाणे आणि कढीपत्त्याची खमंग फोडणी द्यायची, आणि ताट पुढं येईपर्यंत त्यावर धुळीचा पदर चढलेला असायचा. आम्ही तो फुंकून खायचो. दुपारी येसरची आमटी आणि भाकरी, त्यातही दाताखाली कचकच. गल्लीत कोणी विचारलं, "कसला धूर येऊन राहिला?" की आम्ही सांगायचो, धूर नाही, माळवदाची माती. दिवसातून दहा वेळा सांगायचो. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात या वाक्यानं आमचा घात केला.

निघालेली माती नेणारा ट्रॅक्टर दोनदा ठरला आणि दोनदा आला नाही. त्यामुळं माजघरात एका कोपऱ्यात कंबरेएवढा मातीचा ढीग तसाच होता. समोरच्या भिंतीला अण्णांचा बारदाना. अण्णांचा धंदाच तो होता. डाळ मिलमधली फाटकी पोती घ्यायची, दाभण-सुतळीनं ठिगळं लावून घ्यायची आणि आडतीवर विकायची. शेकडो पोती थरावर थर, त्यांना तूरडाळीचा आणि तेलाचा मिसळलेला वास. तो वास मला अजूनही सासरी, नांदेडच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात कधीकधी येतो आणि मी उगाच उठून स्वयंपाकघरात गॅस बघून येते. पोती हलवायला दुसरी जागा नव्हती. ओसरीत आम्ही झोपत होतो आणि स्वयंपाकघरात बाकीचा सगळा संसार येऊन पडला होता.

वेल्डिंगला युसूफ चाचा आले. उंच, वाकलेले, दाढीला मेंदी लावलेले आणि कमी बोलणारे. अण्णांची त्यांची जुनी ओळख, आमच्या फाटकापासून हातगाड्यापर्यंत सगळं त्यांनीच जोडलेलं. आल्या आल्या त्यांनी बारदाना पाहिला आणि तोंड वाकडं केलं. मग स्वतःच दहा-बारा रिकामी पोती ओढून त्या थप्पीवर अंथरली आणि मला हाक मारली.

"बेटा, ध्यान दे. ही वरची पोती कोरडी पडू द्यायची न्हाईत. हात लावला की पानी टपकलं पायजे. ठिणगी हाय ही, हिला आई-बाप न्हाई. मी वरून इचारीन तवा हात लावून सांगायचं."

मी बादली भरायला स्वयंपाकघरात गेले. आई पिंपाचं झाकण धरून उभी राहिली. "नळ शुक्रवारी यायचाय शोभे. आज सोमवार हाय. आपण पाच माणसं, वर हे मजूर. कुठं डोकं आपटून घेऊ? एक तांब्या घे आन् जपून शिंपड."

लातूरच्या माणसाला मी हे समजावून सांगायला नको. आमच्याकडं आठवड्यानं नळ यायचा. भांडं असेल ते भरून ठेवायचं, पातेली, डबे, बसूचा तोंड धुवायचा मगसुद्धा. सांडलेल्या पाण्यासाठी मी चापट खाल्लेली होती. एकीकडं चाचा म्हणतायत टपकलं पाहिजे, दुसरीकडं आई म्हणते शिंपड. कुणाचं ऐकायचं ते मला कळेना, आणि कळेना म्हणून मी मधलं काहीतरी केलं. देवाला पाणी शिंपडावं तसं बोटांनी सगळ्या पोत्यांवर शिंपडलं. पोत्यांवर काळे ठिपके उठले आणि वैशाखाच्या उन्हात माझ्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले. माजघरावर छप्पर नव्हतं, सरळ ऊन आत येत होतं. मी ओसरीत जाऊन मैत्रिणीकडून आणलेलं मासिक वाचत बसले. वरून चाचांनी विचारलं, "भिजवलं बेटा?" मी मासिकातून मान न काढता म्हटलं, "हाव चाचा." थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, "हाव."

अकराचा सुमार असेल. चाचांनी अँगलचा एक जोड पक्का केला आणि वरची खपली काढायला हातोडी मारली. त्याच वेळी मजुरांच्या हातून उरलेली एक तुळई सटकली आणि जमिनीवर आडवी आली. धाडकन आवाज झाला, जमीन खरंच थरथरली आणि घरातले सगळे तांब्ये, पेले, वाट्या एका दमात खणाखणा कोसळले.

"भूकंप! बाहेर! बाहेर पळा!" अण्णा ओरडले.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. आईच्या हातात उलथनं. बसू उघडा. मजूर शिडीवरून घसरत खाली. चाचा हातातला होल्डर टाकून भिंतीवरून उडी मारून ओसरीत. माझ्या हातात मासिक. अंगणातून पळताना आत्या ताडपत्रीखाली अंबाडी निवडत बसलेली दिसली. तिनं मान वर करून विचारलं, "कुठं चाललाव रे सगळे?"

"अक्का, भूकंप! ऊठ!"

"भूकंप न्हाई हा," आत्या म्हणाली. "मी जमिनीवर बसलेय न्हवं? मला कळंना का?"

पण तिचं ऐकायला थांबलं कोण? ज्या बाईनं आयुष्यात खरा भूकंप अंगावर झेलला होता, तिचं सोडून आम्ही तांब्या-पेल्यावर विश्वास ठेवला. गिरणीसमोर उभे राहिलो. आम्हाला पाहून आणखी दोन-चार घरं बाहेर आली, आपल्याला धक्का जाणवल्याचं सांगू लागली. एक बाई तर म्हणाल्या की त्यांच्या फळीवरचा डबा सरकला. अण्णा मोजू लागले. आई, शोभा, बसू, अक्का अंगणात, म्हणजे मोकळ्यात, म्हणजे ठीक. सगळे आहेत. अण्णांनी हात जोडले.

आणि मग घरातून पांढरं-करडं काहीतरी वर चढू लागलं.

"धूर हाय का तो?" कुणीतरी विचारलं.

"माळवदाची माती," आम्ही सगळे एका सुरात म्हणालो. सवयच ती.

चाचांनी मान वर केली, नाक वर केलं. "सेठ, ही माती न्हाई. मी जाऊन येतो."

अण्णांनी त्यांचा दंड धरला. "वेड लागलं का युसूफभाई? दुसरा झटका येतो. अर्धा तास थांबायचं."

"अवो, पर जळाल्याचा वास..."

"माणूस वाचला की सगळं वाचलं!"

दोघंही बरोबर होते आणि दोघंही आपापल्या भीतीला घट्ट धरून होते. चाचा दंड सोडवायला बघत होते आणि अण्णा सोडत नव्हते. आई एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होती. मला मात्र त्या धुराचं मूळ ठाऊक होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं. ती पोती कोरडी आहेत, एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. मी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. मला आजही कळत नाही की मला बोलता येत नव्हतं की मला बोलायचं नव्हतं. मी याचा खूप विचार केला आहे आणि दर वेळी वेगळं उत्तर येतं.

तेवढ्यात मी पाहिलं की फाटकातून दिसणाऱ्या आमच्या अंगणात आत्या उठली. मांडीवरची अंबाडी तिनं झटकली, पदर कमरेला खोचला आणि पायऱ्या चढून ती आत गेली. आत. आठ महिने जिनं उंबरा ओलांडला नव्हता ती बाई अशी चालत आत गेली, जसं कुणी चहा टाकायला जावं. कुणाचंच लक्ष नव्हतं, सगळे धूर की माती यावर भांडत होते. मी मासिक टाकलं आणि पळाले. मागून अण्णांची हाक आली, "शोभे!" मी थांबले नाही. शूरपणा नव्हता तो. तिला काही झालं तर ते माझ्यामुळं होणार होतं.

माजघरात डोळे उघडवत नव्हते. थप्पीच्या कडेला लाल रेघ सळसळत पुढं सरकत होती आणि दाराच्या चौकटीला जाळाची जीभ लागली होती. त्या दारापलीकडं स्वयंपाकघर, तिथं रॉकेलचा डबा. मी पाण्याच्या पिंपाकडं धावले तर आत्या ओरडली, "पानी ऱ्हाऊ दे! बारदाना पान्यानं इझत न्हाई, आतून धुमसतंय. माती टाक, माती!"

आणि ती त्या ढिगावर तुटून पडली. घमेलं भरायचं, फेकायचं. घमेलं पुरेना तेव्हा ती ओंजळीनं, मग पदरानं माती टाकू लागली. तीच पांढरी माती. तिच्या केसांत, डोळ्यांत, तोंडात पुन्हा तीच गेली. मला वाटलं ही आता कोसळणार, किंचाळणार. ती म्हणत होती, "हिकडं टाक. खालच्या अंगाला. हां. आनखी." मी टाकत गेले. मग चाचा आत आले, त्यांच्या दंडाला लोंबकळतच अण्णाही आले, मजूर आले. जळणारी पोती ओढून, माती लोटून, पाय पोळून घेऊन अर्ध्या तासात, म्हणजे अण्णांच्या नियमाप्रमाणं आम्ही अजून बाहेरच असायला हवं होतं तेवढ्या वेळात, ते सगळं विझलं. चौकट कोळसा झाली, बरीचशी पोती गेली. घर राहिलं.

सगळे खोकत उभे होते. अण्णांनी आत्याकडं पाहिलं आणि त्यांना रडू फुटलं. "अक्का, तू आत आलीस गं. आत आलीस."

आत्या पदरानं तोंड पुसत होती. तिला त्यांचं बोलणं कळलंच नाही. "आत कुठं?" ती म्हणाली. "वर बघ की. आभाळ हाय."

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. अँगलचे दोन-तीन तुकडे आणि त्यामागं लख्ख निळं आभाळ. अण्णा बराच वेळ वर बघत राहिले. मग त्यांना राग आठवला. ते चाचांवर घसरले. पोती भिजवली नव्हती का, एवढी साधी गोष्ट कळत नाही का, माझी पोरंबाळं जळून गेली असती. आयुष्यात मी अण्णांना त्यांच्याशी असं बोलताना पाहिलं नव्हतं. चाचांनी जमिनीकडं पाहिलं, मग एकदा, फक्त एकदा, माझ्याकडं.

"गलती माझी हाय सेठ," ते म्हणाले. "मीच खाली उतरून हात लावायला पायजे होता."

मी घमेलं उचललं आणि सांडलेली माती भरू लागले.

अण्णांनी माजघरावर पत्रा टाकला नाही. बाकीच्या खोल्यांवर टाकला, माजघर तसंच उघडं ठेवलं. फरशी घालून पाण्याला वाट काढून दिली, झाला चौक. आईनं डोक्याला हात लावला. गल्लीत आमच्या घराला 'भोकाचं घर' म्हणू लागले. पण आत्या त्या चौकात राहायला आली. पावसात तिथंच एका कडेला ताडपत्री ओढून बसायची आणि चारी बाजूंनी आम्ही असायचो. तिची अंबाडी, तिची पूजा, तिचं घोरणं, सगळं घराच्या मधोमध आलं. शेवटच्या दिवसापर्यंत ती तिथंच राहिली. बाकीच्या खोल्यांचं काम दुसऱ्या वेल्डरनं केलं. युसूफ चाचांना अण्णांनी पुन्हा बोलावलं नाही, आणि ते रस्त्यात भेटले की "अब्बाला सलाम सांग बेटा," एवढंच मला म्हणायचे. मी सलाम कधी पोचवला नाही.

लग्न होऊन नांदेडला आले, त्यानंतर एका दिवाळीत मी आत्याच्या पायांना तेल लावत बसले होते. ते एकदाचं बोलून टाकलं. "आत्या, ती पोती मी भिजवली नव्हती. चाचांना मी खोटं सांगितलं."

"ठावं हाय की," आत्या म्हणाली. "ओढली तवाच हाताला कळलं, वाळकी ठक्क व्हती." मग तिनं दुसरा पाय पुढं केला. "भिजवली असतीस तर मी कशाला आत आले असते?"

मला इतकं हलकं वाटलं की मी रडले. ते हलकेपण दोन-तीन दिवस टिकलं. मग परतीच्या एसटीत बसले असताना लक्षात आलं की आत्यानं मला माफ केलं ते तिच्या वाटणीचं. चाचांच्या वाटणीचं तिला देता येणार नव्हतं, आणि अण्णांना खरं सांगायची हिंमत मी करेपर्यंत अण्णाही राहिले नाहीत आणि चाचाही.

परवा बसूचा फोन आला. घर आता त्याच्याकडं आहे. म्हणाला, "ताई, चौकावर पत्रा टाकून घेऊन राहिलो. पाऊस लई आत येतो. युसूफ चाचाचा पोरगा येतोय वेल्डिंगला, त्याच्याशी बोलणं झालंय."

मी विचारलं, "कधी?"

"पुढच्या आठवड्यात. कामून?"

"मी येते. पोती भिजवायला."

बसू हसायला लागला. "ताई, घरात बारदाना कुठं ऱ्हायलाय आता? धंदा बंद होऊन जमाना झाला."

"असू दे. चार पोती कुठूनतरी आणून ठेव," मी म्हटलं. "आन् नळ कोणत्या दिवशी येतो, तेवढं सांग."